साहेब, 'निर्गत' झालं म्हणजे काम झालं असं नाही
(अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या सचिवांना खुलं पत्र)

प्रति,
हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून नागपुरात येणारे सगळ्या विभागांचे सचिव साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

आधी ओळख सांगते. मी रिटायर्ड कारकून बाई. १९८८ ला लिपिक म्हणून लागले, २०१९ ला अव्वल कारकून म्हणून सुटले, सगळी नोकरी नागपूर जिल्ह्यात, मधे एकदा प्रमोशन आलं होतं ते गडचिरोलीला होतं आणि सासूबाई अंथरुणाला होत्या म्हणून नाकारलं, असो, तो विषय वेगळा. आता मानेवाड्याला राहते. गल्लीतले लोक कागद घेऊन येतात, काकू एवढा फॉर्म भरून द्या, काकू पोर्टलवर हे काय लिहून आलं पाहा ना. मी भरून देते, पैसे घेत नाही, कोणी संत्री आणून देतं, कोणी नुसतंच थँक्यू म्हणतं.

पत्र लिहायचं कारण असं की राज्य सरकारचा सगळ्या विभागांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम झाला, मग १५० दिवसांचा झाला, आता जिकडेतिकडे प्रत्येक विभागाला टार्गेट, प्रत्येक ऑफिसला मार्क हेच ऐकून राहिलोय. आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या कृपेने तुम्ही सगळे दरवर्षी इथं येता, सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांची रांग लागते, आम्हाला संविधान चौकातून वळून जावं लागतं, तर म्हटलं आलेच आहेत तर दोन गोष्टी सांगून घ्याव्यात ज्या पीपीटीत येत नाहीत.

टार्गेट नकोच असं म्हणणारी मी नाही हां. टार्गेट नसलेलं ऑफिसही पाहिलंय मी, तिथं टपाल उघडायलाच तीन दिवस लागायचे. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायला मला माझंच एक पाप सांगावं लागेल.

दर शुक्रवारी दुपारी चारनंतर आमच्याकडे एकच काम चालायचं, गोषवारा. कार्यविवरण नोंदवही उघडायची, आम्ही तिला वर्कशीटच म्हणायचो, आणि कोऱ्या कागदावर स्केलने रकाने आखायचे, मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निर्गत म्हणजे निकाली काढलेले कागद, अखेर शिल्लक. सोमवारी साहेब फक्त शेवटचा रकाना पाहायचे. दहाच्या आत असला की मान डोलवायचे, पंधरा-वीस असला की 'बाई, काय करून राहिल्या तुम्ही आठवडाभर?' चार माणसांसमोर असं ऐकून घ्यायला कोणाला आवडतं, मग शिकले ना मी पण. 'माहितीस्तव' आलेल्या पत्रावर नस्ती, म्हणजे फाईलला लावा, असा शेरा मारला की झालं एक निर्गत. दुसऱ्या कार्यालयाशी थोडासा जरी संबंध दिसला तर 'वर्ग' करून टाकलं, तेही निर्गत, कारण कागद माझ्या टेबलावरून गेला ना, पुढे तो कुठे जाऊन पडला ते माझ्या रकान्यात येतच नव्हतं. अर्जदाराकडून खुलासा मागवला, निर्गत. सभेची सूचना फिरवली, निर्गत. एका शुक्रवारी मी ६२ निर्गती दाखवल्या होत्या आणि त्या आठवड्यात खरं सांगते एकाही माणसाचं काम झालं नव्हतं.

आणि त्याच वेळी माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात एक जाड फाईल होती. एका वारलेल्या शिपायाच्या बायकोचं कुटुंब निवृत्तीवेतन. सेवापुस्तकात दोन वर्षांच्या नोंदीच नव्हत्या, त्या शोधायला दोन तालुक्यांच्या रेकॉर्ड रूम उपसाव्या लागणार होत्या, धूळ खात किमान चार दिवस, आणि तेवढ्या चार दिवसांत मी चाळीस पत्रं काढू शकत होते. आता तुम्हीच सांगा साहेब, आकडा चाळीसचा मागितलाय तर मी काय उचलणार? ती फाईल माझ्याकडे ११ महिने होती. अखेर शिल्लकच्या रकान्यात ती फक्त 'एक' होती, कालची आलेली सभेची सूचना पण 'एक' आणि ही पण 'एक'. त्या बाई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायच्या, बाहेर बाकावर बसून डब्बा खायच्या, मी पाण्याचा ग्लास नेऊन द्यायची आणि म्हणायची होऊन जाईल हो. त्याच वर्षी आमच्या ऑफिसला चांगल्या निर्गतीबद्दल प्रशंसापत्र मिळालं, ते लॅमिनेट करून साहेबांच्या खुर्चीमागे लावलं होतं. शेवटी ती फाईल झाली ती कोण्या टार्गेटमुळे नाही, एका दिवाळीत माझ्याच्यानं राहवलं गेलं नाही म्हणून झाली.

आता टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते पाहा, कारण सध्या मी पलीकडे आहे. आमच्या गल्लीत एक काकाजी आहेत, वय ७४. घर काकूंच्या नावावर होतं, काकू गेल्या, आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, वारसांची नावं चढवायची, एवढंच काम. वाद नाही, भांडण नाही, दोन्ही पोरी सही करायला तयार. अर्ज केला. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, उगाच तिथल्या पोरांना त्रास नको. दीड महिन्यानं उत्तर आलं, मृत्यूच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट, अर्ज निकाली. पुन्हा अर्ज, नवा नंबर. दोन महिन्यांनी उत्तर, मुलीचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं आहे, प्रतिज्ञापत्र जोडा, अर्ज निकाली. मी म्हटलं बाबा रे हे पहिल्याच वेळी सांगता आलं नसतं का? मग पोर्टलवर तक्रार टाकली, अठराव्या दिवशी काकाजींच्या मोबाईलवर मेसेज, 'संबंधित कार्यालयास कळविण्यात आले आहे, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काकाजी फोन घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, 'म्हणजे नावं चढली का हो?'

काय सांगू मी त्यांना. सरकारच्या हिशेबात या माणसाचं काम तीनदा झालंय आणि तिन्ही वेळा मुदतीत झालंय. डॅशबोर्डवर तीन हिरव्या टिकल्या.

कायदे नाहीत असंही नाही. २००५ चा कायदा आहे, आपण सगळे त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्यात स्वच्छ लिहिलंय की कोणाही कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत, दोन अपील ऑफिसातच आणि तिसरं आयोगाकडे, उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कायदा चांगलाच आहे, मी स्वतः लोकांना अपील लिहून देते. पण घड्याळ सुरू होतं ते अर्ज सगळ्या कागदांसह परिपूर्ण असेल तेव्हा, आणि परिपूर्ण आहे की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याच्या डोक्यावर घड्याळ टांगलंय तोच. म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी 'त्रुटी' निघते. खरी त्रुटी असते, खोटी नसते बरं का, फक्त ती ठेवणीतली असते, एकदम सगळ्या काढायच्या नाहीत, एकेक काढायची. आमच्या वेळी पण हे होतं, आता ऑनलाइन झाल्यावर उलट सोपं झालंय, ड्रॉपडाऊनमधून निवडायचं आणि क्लिक.

टार्गेटची एक जुनी आठवण सांगते, घरातलीच. माझे वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. १९७६ साली मी दहावीच्या आसपास होते, तेव्हा मास्तरांना पोरं शिकवण्यापेक्षा 'केसेस' आणायचं काम जास्त होतं. नसबंदीच्या केसेस. केस नाही तर पगार थांबणार असं त्यांना तोंडी सांगितलेलं. बाबा उन्हात सायकलवर गावोगाव फिरायचे, रात्री येऊन आईला सांगायचे अमक्याला पाच पोरं आहेत, विचारून पाहतो. एकदा ते एका म्हाताऱ्याला घेऊन आले होते, साठीच्या पुढचा असेल, आईनं त्याला जेवू घातलं आणि बाबांना आत बोलावून काय बोलली ते मला माहीत नाही, पण म्हातारा सकाळी आपल्या गावी परत गेला आणि त्या महिन्यात आमच्याकडे पगार आला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आकडा जबरदस्त होता, टार्गेटच्या पुढे गेलेला, आणि त्यानंतरच्या इलेक्शनमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आणीबाणी गेली तरी केसेसचं टार्गेट वेगवेगळ्या रूपात चालूच राहिलं, शेवटी एप्रिल १९९६ मध्ये केंद्रानंच देशभर कुटुंब नियोजनाची टार्गेट काढून टाकली. मग काय झालं माहितीये? काही वर्षांत 'अपेक्षित साध्य पातळी' असं भारदस्त नाव घेऊन रकाना परत आला. रकाना मरत नाही साहेब, नाव बदलतो.

तेवढं भयंकर आता काही नाही, मान्य. पण आकडा कोण आणि कुठं बसून ठरवतं हा प्रश्न तोच आहे. २०२३ ला 'शासन आपल्या दारी' निघालं, कल्पना चांगली, लोकांना एका मांडवात दाखले मिळाले. पण प्रत्येक जिल्ह्याला ७५ हजार लाभार्थी हा आकडा दिला, स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली म्हणून ७५. आता २०११ च्या जनगणनेत गडचिरोली पावणेअकरा लाखांच्या आसपास आणि पुणे जिल्हा ९४ लाख, दोघांनाही ७५ हजारच? एकाला ते डोंगराएवढं आणि दुसऱ्याला दोन तालुक्यांचं काम. ऐकायला गोड लागतो म्हणून आकडा ठरवला की असंच होणार.

झाडांचंही सांगते. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी वृक्ष लागवडीची टार्गेटं होती, सगळ्या खात्यांना वाटून दिलेली. आम्हीही गेलो होतो एका टेकडीवर पावसात, साड्या चिखलात माखल्या, ४० रोपं लावली, फोटो काढून ग्रुपवर टाकले, साहेबांचा अंगठा आला. मला झाडांची आवड आहे म्हणून मी मार्चमध्ये सहज जाऊन आले, सहा जिवंत होती, त्यातल्या एकाला बकरी खाऊन राहिली होती. मी काही कोणाला दोष देत नाही, विदर्भाच्या उन्हात पाण्याशिवाय सहा जगली हेच खूप, पण आमच्या ऑफिसला जे प्रपत्र आलं होतं त्यात खड्डे, रोपं, फोटो असे रकाने होते, जगली किती हा रकाना नव्हता. रकाना असता तर शिपायाला आठवड्यातून एकदा बादली घेऊन पाठवलं असतं, इतकं साधं आहे ते.

आता १०० दिवसांवर येते, नाहीतर म्हणाल बाई नुसती जुनी रडगाणी गाते. जानेवारी २०२५ ला सुरू झालं, १ मेला निकाल लावला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून तपासून घेतलं. ४८ विभागांचे मिळून ९०२ मुद्दे, त्यातले ७०६ पूर्ण, म्हणजे ७८ टक्के, आणि राहिलेले १९६ झाले नाहीत हे पण लपवलं नाही. सरकारनं आपला निकाल असा उघड लावला हे मला मनापासून आवडलं. आणि ऑफिसं खरंच सुधारली, ज्या खोलीत मी सात वर्षं बसले तिथलं भंगार निघालं, लोकांना बसायला खुर्च्या आल्या, बायकांच्या संडासाला कडी आली, ही शेवटची गोष्ट तुम्हाला छोटी वाटेल पण ती कडी यायला ३० वर्षं लागली आहेत. पण त्या ९०२ मध्ये सोपे मुद्दे किती आणि अवघड किती? 'धोरणाचा मसुदा तयार करणे' हाही एक मुद्दा आणि एखाद्या गावाला पाणी पोचणं हाही एक मुद्दा असेल तर ते माझ्या शुक्रवारच्या गोषवाऱ्यासारखंच झालं की. दिल्लीनंही २००९ ला आरएफडी नावाचा प्रकार आणला होता, मंत्रालयांनी वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं लिहून द्यायची आणि शेवटी १०० पैकी मार्क, पुढे तो गुंडाळला गेला. पेपर काढण्यात परीक्षार्थीचा हात असला की मार्क चांगलेच पडतात, माझा नातू पण हेच म्हणेल.

तर मग काय करावं? मला विचाराल तर किती निर्गती केल्या हे विचारणंच बंद करा काही दिवस. एकच आकडा मागा, तुमच्या ऑफिसातला सगळ्यात जुना प्रलंबित अर्ज किती दिवसांचा आहे. सरासरी नको, टक्के नकोत, सरासरीत माझी ती ११ महिन्यांची फाईल कधीच दिसली नसती. सगळ्यात जुना. तो आकडा ऑफिसच्या दाराबाहेर खडूने फळ्यावर लिहा, शेअर मार्केटसारखी स्क्रीन नको, खडू चालेल. नाव नको अर्जदाराचं, फक्त दिवस. ज्या सोमवारी साहेबांनी मला विचारलं असतं की बाई, ३३० दिवसांची ही कोणती फाईल, त्या सोमवारी मी रेकॉर्ड रूमची किल्ली घेऊन निघाले असते, चाळीस पत्रं गेली उडत.

आणि त्रुटी काढली तर घड्याळ शून्यावर न्यायचं नाही. थांबवा हवं तर, अर्जदार कागद आणेपर्यंत, पण पुन्हा सुरू होताना तिथूनच सुरू. नवा नंबर द्यायचा नाही. त्रुटी एकदाच, सगळ्या मिळून, पहिल्या सात दिवसांत, नंतर आठवली तर ती तुमची चूक. एवढं एक कलम घातलं तर काकाजींसारखे निम्मे लोक बाकावरून उठतील, हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नाही.

यावरही लोक डोकं चालवतील हे मला माहीत आहे, मीच चालवलं असतं. सगळ्यात जुनी फाईल नामंजूर करून टाकायची, फळा साफ. म्हणून निकाली काढलेल्यातले दहा नंबर दर महिन्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारकुनाला द्या आणि फोन करून विचारायला सांगा, तुमचं काम झालं का. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर कॉल सेंटरमधून असा फोन करून विचारतातच, २०२४ ला त्यांनी मुदत ३० वरून २१ दिवसांवर आणली पण मला त्या २१ दिवसांपेक्षा तो फोन जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि कॉल सेंटरच्या पोरीपेक्षा कारकून बरा, कारण कारकुनाला कारकुनाच्या युक्त्या कळतात. भंडाऱ्याच्या बाईनं नागपूरचं तपासायचं, नागपूरच्या बाईनं वर्ध्याचं. आम्ही एकमेकांना सोडत नाही, विश्वास ठेवा.

एक गोष्ट मात्र कारकुनांच्या बाजूनंही लिहिते नाहीतर माझ्या जुन्या मैत्रिणी घरी येऊन भांडतील. एकेकीकडे तीन-तीन टेबलं आहेत, रिकाम्या पदाचा अतिरिक्त कार्यभार म्हणून, त्यात इलेक्शनचं काम, त्यात सर्वे, त्यात कोणत्या तरी योजनेची पडताळणी, त्यात व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, लागली की अर्धा दिवस गेला, त्यात अधिवेशन आलं की तारांकित प्रश्नांची माहिती रात्री अकरापर्यंत, हो, ती तुम्हीच मागवता. टार्गेटच्या कागदावर सगळ्यात वर लिहा, या ऑफिसात मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी. मग खाली काय ते मागा. सहापैकी तीन खुर्च्या रिकाम्या असतील तर तो आकडा त्या ऑफिसचा नाही, तुमचा आहे, तो तुमच्या मार्कांतून कापा.

डिसेंबरात इथं थंडी बरी असते, सकाळी तर्री पोहे खायला लोक निघतात, तुम्ही पण जालच. तेव्हा एक दिवस अर्धा तास काढा. लाल दिव्याची गाडी आता नाहीच तसंही, साधी गाडी घ्या, कोणाला न कळवता कोणत्याही एका ऑफिसात जा, साहेबांच्या केबिनमध्ये नका जाऊ, तिथं चहा आणि पीपीटी मिळेल. लिपिकाच्या टेबलापाशी उभे राहा आणि म्हणा, सगळ्यात खालच्या कप्प्यातली फाईल दाखवा. कप्पा खालचाच म्हणा, वरच्या कप्प्यात ताजी असतात.

मी आणि काकाजी अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला त्यांच्या ऑफिसात जाणार आहोत, तिसरा अर्ज घेऊन. प्रतिज्ञापत्र केलंय, मृत्यूच्या दाखल्याच्या तीन रंगीत प्रती काढल्यात, दोन्ही पोरींची आधार कार्डं, लग्नपत्रिका सुद्धा ठेवली आहे फाईलमध्ये, न जाणो. पहिला अर्ज केला त्याला त्या दिवशी २९६ दिवस होतील. पोर्टलवर मात्र तिसरा अर्ज शून्य दिवसांचा दिसेल.

आपली,
एक रिटायर्ड अव्वल कारकून
मानेवाडा, नागपूर